इंग्रजीच्या समाजभाषाविज्ञानावर शोधनिबंध लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

‘इंग्रजी आणि लिंगभेद’ असा विषय घेतलाय, ढीगभर लेख वाचून झालेत, तरी पहिलं पान पुढे सरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. विषय एवढा ऐसपैस असला की पान अडणारच. विद्यार्थ्यांचे कच्चे खर्डे मी नेहमी वाचतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आधी मोजता येईल असं काहीतरी शोधा.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्हने 1962 साली न्यूयॉर्कमध्ये काय केलं बघा. सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन ही महाग, मध्यम आणि स्वस्त अशी तीन दुकानं निवडली. विक्रेत्यांना असं काही विचारायचं की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ हेच यावं. मग ऐकू न आल्यासारखं दाखवून तेच पुन्हा वदवून घ्यायचं आणि बाजूला जाऊन टिपून ठेवायचं. या शब्दांतला ‘र’ तिथे काही जण उच्चारायचे, काही गाळायचे. दोन शब्द, दोनदा: ‘र’ उच्चारायच्या चार संधी. एकूण 264 विक्रेते. निदान एकदा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये 62 टक्के, मेसीजमध्ये 51 आणि क्लाइनमध्ये 20. प्रश्न एवढासा, पण त्यातून शहराची सगळी सामाजिक उतरंड दिसली.

यातली ‘संधी’ नीट लक्षात घ्या. समजा तुम्ही ‘गोइंग’ऐवजी ‘गोइन’ कोण म्हणतं ते बघताय. ‘गोइन’ तीस वेळा आलं, एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘गोइंग’ किती वेळा आलं तेही मोजावं लागतं. शिवाय ‘किंग’, ‘सिंग’ हिशेबातून वगळायचे, कारण तिथे आघात (उच्चारातला जोर) असल्याने असा बदल होतच नाही. काय धरलं, काय सोडलं आणि का, हे लिहिलंत की पद्धतीचं प्रकरण निम्मं झालं. लिहायला सुरुवातही तिथूनच करा, प्रस्तावना शेवटी.

प्रश्नावली पाठवून ‘तुम्ही कसं बोलता?’ असं विचारायच्या भानगडीत मात्र पडू नका. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिलला इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात आढळलं की बरेच पुरुष प्रत्यक्षात बोलतात त्याहून गावठी बोलतो असं सांगतात, आणि स्त्रियांचं बरोबर उलटं. लोक स्वतःबद्दल काय सांगतात हा वेगळा विषय आहे, मजेशीरही आहे, पण मग निबंधही त्यावरच हवा.

भाषेचं म्हणाल तर शैक्षणिक लेखन म्हणजे जड शब्द नव्हेत. ‘स्त्रिया अधिक शुद्ध बोलतात’ हे वाक्य खोडा. ‘या मुलाखतींत स्त्रियांनी ‘गोइन’ कमी वापरलं’ असं लिहा, पुराव्याइतकंच बोला. ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी जंत्री वाचायचा मला मनापासून कंटाळा येतो. ज्याचं मत तुमच्या आकड्यांना भिडतं, तेवढ्याचाच संदर्भ द्या.

आता एखादी दहा मिनिटांची मुलाखत घ्या (स्वतः रेकॉर्ड करणार असाल तर आधी परवानगी), शब्दन् शब्द उतरवा आणि मोजा. काय सापडलं ते इथेच खाली लिहा, मग पुढचं बोलू.