व्हिसेरा (मृताच्या अवयव-रक्ताच्या तपासणीच्या) रिपोर्टात 'कोकेन आढळले नाही', म्हणजे घेतलंच नव्हतं का?

तुमच्या माहितीप्रमाणे खानापूरजवळ रात्री पार्टी झाली, पहाटे मुलगा गेला आणि बेळगावात पीएम (शवविच्छेदन) व्हायला दुसरी दुपार उजाडली. मित्र म्हणतात घेतलं होतं, रिपोर्ट म्हणतो सापडलं नाही. दोन्ही खरं असू शकतं.

माणूस मेल्यानंतरही त्याच्या रक्तातलं कोकेन फुटत राहतं. रक्तातलीच एन्झाइम्स ते तोडतात आणि मागे एक्गोनिन मिथाइल एस्टरसारखे अवशेष उरतात. म्हणून रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड लागतं: १० मिलीला निदान १०० मिलिग्राम, कोकेनचा संशय असेल तर दुप्पट. तरी ते फक्त एन्झाइम थांबवतं. नुसत्या रासायनिक क्रियेनेही कोकेन फुटतंच आणि बेन्झॉइलएक्गोनिन हा अवशेष उरतो, म्हणून बाटली लगेच ४ अंशांवर हवी. साध्या बाटलीतलं रक्त उन्हाळ्यात ठाण्याच्या कपाटात पडून राहिलं, तर लॅब काय शोधणार?

दुसरी गोम लॅबला जाणाऱ्या मागणीपत्रात. आपल्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात व्हिसेरा म्हटलं की आधी कीटकनाशक आठवतं. जठर, ३० सेंमी आतडं, ५०० ग्रॅम यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे-अर्धे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात जातात, आणि पत्रावर नुसतं 'विषाची तपासणी करावी'. बेन्झॉइलएक्गोनिन पाण्यात चटकन विरघळतं. नेहमीच्या ईथर-क्लोरोफॉर्मच्या निष्कर्षणात ते बरंचसं निसटतं. ते मुद्दाम शोधावं लागतं, तेही शक्यतो लघवीत.

एमडीएमए (एक्स्टसी), मेथ (मेथअ‍ॅम्फेटामिन) ही दुसरी ड्रग्ज त्यामानाने टिकाऊ. तिथे अडचण उलटी: ती फुप्फुस-यकृतातून पाझरून हृदयाच्या रक्तात चढतात, आकडा फुगतो. रक्त मांडीच्या शिरेतलं, शीर वरून बांधून घेतलेलं हवं. आणि शव कुजू लागलं की तयार होणारे अमाइन पट्टीच्या चाचणीला अ‍ॅम्फेटामिन वाटतात. जीसी-एमएसने (पदार्थ नेमका ओळखणाऱ्या यंत्रचाचणीने) खात्री न केलेला 'पॉझिटिव्ह' मी मानत नाही. खात्री झाली तरी नुसत्या आकड्यावर मृत्यूचं कारण ठरत नाही: सवय, अंगातला ताप, हृदयाची अवस्था सगळं बघावं लागतं.

आता यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची पोलिस नोंद) नंबर घालून तपास अधिकाऱ्यांना अर्ज द्या, कन्नडमध्ये दिलात तर लवकर हलेल. त्यात तीन गोष्टी विचारा: रक्त कुठून घेतलं, फ्लोराइड घातलं होतं का, लघवी किंवा डोळ्यातला द्रव राखून ठेवलाय का. यातलं काही शिल्लक असेल, तर बेन्झॉइलएक्गोनिन आणि कोकाएथिलीन (दारूबरोबर घेतल्यास बनतं) नावानिशी लिहून फेरतपासणी मागा.