2007 ची बॉक्सस्टर एस: 'रिकॉल नाही' एवढ्यावर घेऊ नका

तुमचा प्रश्न असा: पुण्याच्या कोरेगाव पार्कातली 2007 ची पोर्शे बॉक्सस्टर एस ही स्पोर्ट्सकार, 38,000 किलोमीटर, एकच मालक. 'या इंजिनाचा कधी रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) निघाला नाही' असं विकणारा सांगतोय, तर घ्यावी का? मी 2.7 लिटर इंजिनाची बॉक्सस्टर 11 वर्षं वापरतोय आणि या गाडीवर माझा जीव आहे. घ्या, पण त्या वाक्यावर विसंबून नको.

रिकॉल बहुधा सुरक्षिततेचा प्रश्न असतो तेव्हाच निघतो. 2014 मध्ये 911 जीटी3 मध्ये कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन आग लागल्याचं दिसलं, तेव्हा पोर्शेने 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली. पण जुन्या बॉक्सस्टरच्या आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगने कितीतरी इंजिनं खाल्ली, तरी त्याचा रिकॉल निघाला नाही. अमेरिकेत 2001 ते 2005 च्या गाड्यांच्या मालकांना त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

क्रँककडून (पिस्टन फिरवतात तो दांडा) कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) फिरण्याची ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाला हे सीलबंद बेअरिंग बसतं. आतलं ग्रीस धुऊन गेलं की ते झिजतं. फुटलं तर टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. तुमच्या 2007 च्या गाडीत मोठं बेअरिंग आहे, ते क्वचित फुटतं. मात्र इंजिनाचं केसिंग उघडल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. त्यामुळे 'क्लच टाकताना आयएमएसही बदलून घेतलं' असं कुणी म्हणालं, तर बिल मागाच. क्लचच्या वेळी फार तर बेअरिंगचं बाहेरचं सील काढता येतं, म्हणजे इंजिन ऑइल आत पोचतं. ते जरूर करून घ्या.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या गाडीच्या 3.4 लिटर इंजिनाच्या सिलिंडरची. पिस्टनवरचा लेप गेला की भिंतींवर उभे ओरखडे पडतात. गरम इंजिनाची टिकटिक, ऑइल पिणं आणि एक्झॉस्टच्या नळीत जास्त काजळी या खुणा. बोरोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घालून सहाही सिलिंडर पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. थंड इंजिन सुरू होताना थोडा निळसर धूर आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात ते चालतं. पांढरा धूर लोटच्या लोट आला, तर बहुतेक एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलाय.

38,000 हा आकडा ऐकून खूश होऊ नका. लक्ष्मी रोडपर्यंत जायचं, इंजिन तापायच्या आत परत यायचं आणि मग महिनाभर कव्हरखाली, असं ते किलोमीटर झाले असतील तर ऑइलमध्ये ओलावा साचत राहतो. रोज एक्स्प्रेसवे बघितलेली 80,000 ची गाडी मी आधी घेईन. किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल दरवर्षी बदललंय का ते बिलांच्या तारखांवरून पाहा.

आणि आपला पावसाळा! प्रभात रोडला झाडाखाली एक जून काढला, तेवढ्यात माझ्या गाडीच्या छताच्या पन्हाळी पानांनी तुंबल्या. पाणी थेट सीटखालच्या कंट्रोल युनिटमध्ये गेलं आणि गाडी किल्लीच ओळखेना. म्हणून बघायला जाल तेव्हा सीटखालच्या कार्पेटवर तळवा दाबून पाहा. पुढच्या बंपरमधल्या रेडिएटर आणि एसी कंडेन्सरमागे कुजलेली पानं आहेत का, तेही टॉर्च लावून बघा. गंज तिथेच धरतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा उत्पादनाचा आठवडा वाचा.

गाडीने 15 वर्षं ओलांडलीत, तेव्हा फिटनेस होऊन नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, हे आरसी बुकात तपासा. नूतनीकरण पाचच वर्षांचं असतं.

बजेट ताणता येत असेल तर 2009 नंतरची पाहा. त्या इंजिनात तो शाफ्टच नाही, म्हणजे बेअरिंगचा विषयच मिटला. याच गाडीवर मन बसलं असेल, तर बोरोस्कोपचे फोटो मला दाखवा, कुठला ओरखडा चालतो आणि कुठला नाही ते सांगतो.