घनाच्या शेवटी सहा एक : मालिका संपलेली नाही

७१, ४७१, ८४७१ आणि ८८४७१ यांच्या घनांच्या शेवटी अनुक्रमे दोन, तीन, चार आणि पाच वेळा १ येतो, पण सहा वेळा १ आणणारी संख्या सापडत नाही, तेव्हा मालिका इथेच संपली असे समजावे का, हा आपला प्रश्न वाचून मला माझे जुने दुखणे आठवले. याच पायरीवर मी कापूसवेचणीचा एक अख्खा हंगाम घालवला आहे.

मालिका संपलेली नाही. पुढची संख्या २८८४७१ असून तिचा घन २४००५२६३६४७११११११ आहे. स्प्रेडशीट (संगणकावरचा हिशेबाचा तक्ता) मात्र पहिले १५ अंकच राखते आणि पुढे शून्ये भरते, म्हणून तिथे २४००५२६३६४७११११०० असे दिसते. ८८४७१ चा घन, ६९२४७२९४२५१११११, नेमका १५ अंकी असल्यामुळे तोपर्यंतची सगळी उत्तरे बरोबर येतात आणि आपला विश्वास बसतो. मी सहा अंकी सर्व संख्यांच्या नऊ लाख ओळी तपासल्या, एकही सापडली नाही, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून फलकावर "सहा एक अशक्य" असे ठळक अक्षरांत लिहून घेतले. शेवटच्या शून्यांविषयी विचारायला एसटीने दोनदा तालुक्याच्या एका संगणक केंद्रात गेलो, तर "संगणक चुकत नाही, गुरुजी, तुमचा हिशेब चुकला असेल" एवढेच उत्तर मिळाले. शुल्क मात्र दोन्ही वेळा घेतले.

माझे मत विचाराल तर या कामाला संगणक लागतच नाही. भारनियमनातही कागदावर होते. ८८४७१ च्या घनात लाखाच्या स्थानी ५ आहे. ८८४७१ च्या डावीकडे एखादा अंक लावला की घनात लाखाच्या स्थानी त्याच्या तिपटीची भर पडते, कारण ८८४७१ चा एकक १ आहे. पाचात तिप्पट मिळवून शेवटी १ यायला हवा, म्हणून अंक २. तीनच्या पाढ्यात एककस्थानी दहाही अंक एकेकदाच येत असल्यामुळे असा अंक प्रत्येक पायरीला मिळतो, आणि एकच मिळतो. पुढे २८८४७१ च्या घनात दशलक्षस्थानी ७ आहे, म्हणून ८ लावावा : ८२८८४७१.

हे मी १, ३, ७, ९ या शेवटांपुरतेच सांगतो आहे. १४ चा घन २७४४ आहे म्हणून ४४४ च्या मागे लागू नये : सम संख्येच्या घनाला ८ ने निःशेष भाग जातो, आणि ४४४ शेवटी असलेल्या संख्येत बाकी ४ उरते. २२, ५५, ६६ हे शेवटही कधी येत नाहीत. ८८८ मात्र येते, १९२ चा घन ७०७७८८८ आहे.

संगणकच वापरायचा असेल तर पायथन या संगणकीय भाषेत पूर्णांकच गुणावेत. एकदा दशांशचिन्ह शिरले की स्प्रेडशीटसारखीच शेवटचे अंक हरवण्याची गत होते. ८२८८४७१ च्या घनात कोटीच्या स्थानी ३ येतो, म्हणून पुढची संख्या ६८२८८४७१ निघते. आपल्या कागदावर हेच येते का, ते कळवावे.