बोलणं ऐकू येत नाही, मग प्रेम जुळतं कसं?

प्रश्न : मूकपट म्हटलं की आम्हाला चॅप्लिन आणि धडपडणं एवढंच आठवतं. हलक्याफुलक्या प्रेमकथा तेव्हा निघत होत्या का? आणि नायक-नायिकेची जुगलबंदीच ऐकू येत नसेल, तर गंमत ती काय उरते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : निघत होत्या, आणि हॉलिवूडमध्ये ढिगाने निघत होत्या. ‘माय बेस्ट गर्ल’पासून (१९२७) सुरुवात करा. मेरी पिकफर्डचा हा शेवटचा मूकपट. ती स्वस्त मालाच्या दुकानात राबणारी मॅगी. नव्याने कामाला लागलेला जो हा खरं तर मालकाचा मुलगा, नाव बदलून आलेला. मॅगी त्याला काम शिकवते, दरडावतेसुद्धा! दोघं डबा खायला बसतात ते मालाच्या एका मोठ्या खोक्यात. जागा इतकी अडचणीची की लाजायलाही कुठे सरकता येत नाही. तिथे कुणी चुरचुरीत वाक्य फेकलं असतं तर मला तरी खटकलं असतं. (जो झालेला बडी रॉजर्स तिच्याहून बारा वर्षांनी लहान. १९३७ मध्ये दोघांनी खरोखरच लग्न केलं.)

त्याच वर्षीचा ‘इट’ जरा आगाऊ. क्लारा बो दुकानातली विक्रेती आणि डोळा थेट मालकावर. रिट्झ हॉटेलात जेवायचं आमंत्रण तर मिळतं, पण घालायला धड कपडे नाहीत. मग अंगावरच्याच ड्रेसला कात्री! मैत्रीण कापतेय आणि ही आरशात बघतेय. या मुलीला काय हवंय, आणि त्यासाठी ती कुठवर जाईल, हे त्या कात्रीनेच सांगून टाकलं.

एक सांभाळा. माणसं तुरुतुरु पळताना दिसली, तर ती प्रत टाकून द्या. पुष्कळ मूकपट आजच्यापेक्षा कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला कमी चित्रं घेऊन, चित्रित झाले होते. ते आजच्या वेगाने दाखवले की प्रेमाची नजरसुद्धा माकडचेष्टा वाटते.

विनोदवीर नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) मात्र प्रेमकथा म्हणून पाहू नका. संध्याकाळी सातच्या आत लग्न केलं तर सत्तर लाख डॉलर, एवढं निमित्त पुरतं. प्रेयसी बिचारी बाजूलाच राहते, आणि कीटन खरा रमतो तो उतारावरून गडगडत येणारे दगड चुकवण्यात. प्रदर्शनाआधी घेतलेल्या चाचणी खेळात, दोन-तीन दगड चुकून त्याच्या मागे घरंगळलेले दिसले तेव्हा लोक हसले, म्हणून त्याने ढीगभर नकली दगड बनवून तो प्रसंग वाढवला. हसून पोट दुखेल, पण तुम्ही विचारलेली गोष्ट त्यात सापडायची नाही.