शेतीचा तास धुऱ्यापलीकडे

प्रश्न : आमच्या शाळेला शेत नाही. नववीच्या मुलांना शेती कशी शिकवू? (शिक्षिका, दारव्हा)

उत्तर : बाई, बियाण्याची उगवण तपासायला एक ओला बारदाना (गोणपाट) पुरतो. प्रत्येक मुलाला घरच्या सोयाबीनचे 100 दाणे आणायला सांगा, निवडलेले नकोत, पोत्यातून हाताला येतील तसे. बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवडाभराने निरोगी कोंब मुलांनीच मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. कमी आले तर बियाणं वाढवायचं.

खरा तास इथून पुढे. एकाचे 82 आणि शेजारच्याचे 55 का? कारण सांगून टाकू नका. मुलं घरी विचारून येतील : मळणी कशी केली, पोती किती थरांनी रचली, कुणी आपटली का. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल किती नाजूक असतं आणि ते दुखावलं की उगवण कशी घटते, हे मग ती विसरत नाहीत. मात्र हे एप्रिलमध्येच करा. आपल्याकडे शाळा उघडेपर्यंत पेरणीची घाई लागलेली असते.

प्रश्न : कृषी पदविकेच्या मुलांना कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तोंडपाठ आहे, शेतात मात्र सापडत नाही. (शिक्षक, हिंगणघाट)

उत्तर : कारण ती गुलाबी रंग शोधतात. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते, आणि असते बोंडाच्या आत. पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) आडवंतिडवं फिरून 20 झाडांचं एकेक हिरवं बोंड तोडायला लावा आणि तिथेच धुऱ्यावर (बांधावर) फोडायला लावा. वरून साफ दिसणारं बोंड आतून किडलेलं निघालं की मुलं गप्प होतात; त्या क्षणी शिकवा. 20 पैकी 2 बोंडांत अळी दिसली तर उपायाची वेळ आली. फुलांच्या दिवसांत डोमकळ्याही (अळी आत शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं) शोधायला लावा.

प्रश्न : फवारणीचं प्रात्यक्षिक मुलांकडून करून घ्यावं का? (पालक, यवतमाळ)

उत्तर : औषधाने अजिबात नाही. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. पंपात साधं पाणी भरा. नोझल, चालण्याचा वेग, वाऱ्याची दिशा सगळं त्यात शिकता येतं.

प्रश्न : पालक म्हणतात, मातीच उकरायची तर शाळेत कशाला धाडलं? (मुख्याध्यापक, आर्वी)

उत्तर : सर, 1937 साली वर्ध्यातच गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला, हे त्यांना सांगाच. पण त्याआधी त्याच पालकाला एका सकाळी बोलवा आणि तिफण (पेरणीचं अवजार) धरायला द्या. चाड्यावर (तिफणीच्या बी सोडायच्या वाटीत) बियाणं मुठीतून सारखं कसं सोडायचं, हे आपल्यापेक्षा त्याला चांगलं येतं. त्यालाच मुलांना शिकवू द्या.