हिवाळ्यात शेटलंडला पक्षी बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा की जानेवारीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर गेलो तर काही दिसेल, की सगळे पक्षी उडून गेलेले असतात? दिसेल की! फक्त पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे ते समुद्रपक्षी, डोक्यातून काढून टाका. ते ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरचे कडे सोडून भर समुद्रात जातात आणि एप्रिलमध्ये परततात. रिकाम्या कड्यासमोर दोन तास कुडकुडून मला हे कळलं, तुम्हाला फुकटात सांगतोय.

हिवाळ्यात कडे सोडा, बंदर धरा. लर्विक या तिथल्या मुख्य गावी मासेमारीच्या बोटी आल्या की कुरवांचा (म्हणजे गल पक्ष्यांचा) नुसता गोंगाट. त्यात उत्तरेकडून आलेले दोन पाहुणे शोधायचे, ग्लॉकस गल आणि आइसलँड गल. इतर कुरवांच्या पंखांची टोकं काळी असतात, या दोघांची पांढुरकी. दोघांत गल्लत होतेच. ग्लॉकस दांडगा, जाड चोचीचा, चेहऱ्यावर कायम राग. आइसलँड गलचं डोकं गोल, चेहरा गरीब, आणि मिटलेले पंख शेपटीच्या बरेच मागे जातात. (नावावर जाऊ नका, त्याची वीण ग्रीनलंडमध्ये होते.)

मग खाड्या. तिथे त्यांना ‘वो’ म्हणतात. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा पाणपक्षी बुडी मारतो तेव्हा दुर्बीण त्याच जागी रोखून धरू नका, तो भलतीकडेच वर येतो. लांब शेपटीची बदकं दिसण्याआधी ऐकू येतात. खडकांवर लाटांच्या अगदी तोंडाशी जांभळट तुतारी नावाची छोटी पाखरं दिसतात, एखादी नीट बघा. लाट आली की टुणकन उडते, ओसरली की पुन्हा तिथेच.

उत्तरेचं वादळ होऊन गेलं की लिटल ऑक किनाऱ्याजवळ येतात. साळुंकीपेक्षा छोटा पक्षी, मान नसल्यासारखा. मी पाहिला तो धक्क्याच्या आडोशाला, दहा फुटांवर, माझ्याकडे ढुंकूनही न बघता बुड्या मारत होता. त्या एका पक्ष्यात माझी सहल वसूल झाली.

फेअर आयल या बेटाचा मोह मात्र हिवाळ्यात नको. तिथलं पक्षीकेंद्र १९४८ पासूनचं, पण त्याची कीर्ती वसंतात आणि शरदात भरकटून येणाऱ्या पक्ष्यांमुळे. शिवाय हवा बिघडली की बोटही नाही, विमानही नाही.

डिसेंबरअखेर नऊनंतर उजाडतं आणि तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा एका दिवसात दोनच जागा ठरवा. गाडी वाऱ्याला पाठ करून लावा आणि आतूनच बघा. काच पुसायला दोन फडकी न्या. खाऱ्या तुषारांनी पहिलं लगेच चिंब होतं.