इसेन्शियल ऑइल नैसर्गिक असतात, मग तीन महिन्यांच्या बाळाला सर्दीसाठी लावायला काय हरकत आहे? आणि ही तेलं मुळात येतात कुठून?

हरकत आहे. एवढ्या लहान बाळाला नीलगिरी, पेपरमिंट, कापूर यांतलं काहीही लावू नका, हुंगवू नका, उशाशी ठेवू नका. पेपरमिंटमधलं मेन्थॉल नाकाशी गेलं तर तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. नीलगिरी किंवा कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि कापूर कातडीतूनही अंगात शिरतो. दुपट्याला बांधायची ती कापराची पुडीसुद्धा सोडून टाका, घरातलं कोणी कितीही रागावलं तरी. बाळाचं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून घाला.

खरं तर एवढ्यावर थांबले असते. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गावठी तेलांचा भरवसा नाही म्हणून परदेशी कंपनीचं ‘थेरप्युटिक ग्रेड’चं, म्हणजे औषधी दर्जाचं, मागवलं आहे. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, आणि तेव्हाही ते मला लागलं होतं. का, ते सांगते; ही तेलं येतात कुठून तेही त्यातच कळेल.

माझं आजोळ तळोद्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मामांची रोशेलची भट्टी होती. रोशा म्हणजे रोहिष गवत. बाजारात त्याच्या तेलाला आता पामारोजा म्हणतात. पावसाळा सरला, गवत फुलावर आलं की नाल्याकाठी भट्टी लागायची, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी हवं. नाला आटला की हंगाम संपला. मोठ्या लोखंडी कढईत पाणी आणि वर दाबून भरलेलं गवत, त्यावर लाकडी झाकण, झाकणातून निघालेली बांबूची नळी पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यात. सांधे उडदाच्या भिजवलेल्या पिठाने लिंपायचे. कुठून वाफ फुसफुसायला लागली की मामी हातातलं काम टाकून पिठाचा गोळा घेऊन धावायची, कारण निसटते ती वाफ नव्हे, तेल निसटतं. हंड्यात पाण्यावर फिकट पिवळा तवंग धरायचा. तो काढताना मामा कोणाशी बोलायचे नाहीत. क्विंटलभर गवत शिजवून तीन-चारशे ग्रॅम तेल हाती आलं तर बरं, गवत अगदी चांगलं असेल तर अर्धा किलो.

आता हा हिशोब उलटा करून बघा. बाटलीतला एक थेंब म्हणजे किती गवत? म्हणून मामा हे तेल कोणाच्या तळहातावर कधी ओतत नसत. वासासाठी काडीचं टोक बुडवून मनगटाला लावायचे, आणि आजीच्या गुडघ्यांना चोळायचं असलं की वाटीभर तिळाच्या तेलात मोजून थोडे थेंब टाकायचे. ज्याने तेल काढलंय त्याला त्याचा जोर माहीत असतो.

गावठी म्हणायचं तर हेही ऐका. एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जायचं. तिथे ते ‘तुर्की जिरेनियम’ म्हणून विकलं जायचं आणि बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. दोन्हींत जिरॅनिऑल हा गुलाबासारख्या वासाचा घटक असतो, आणि रोशाच्या मोतिया जातीच्या तेलात तर तो पाऊण हिश्शाच्या वर. रोशाची सोफिया म्हणून दुसरी जात आहे, तिचं तेल हलक्या प्रतीचं. मोतियात सोफिया ढकलणं ही या धंद्यातली जुनी लबाडी. असल्या वासाच्या तेलांनी उपचार करण्याला अरोमाथेरपी म्हणतात, तो शब्द गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली रूढ केला. तोवर आमच्याकडच्या भट्ट्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यावर, म्हणजे त्यांच्या तांब्याच्या भट्टीवर, चंदनाच्या तेलात फुलांचा वास उतरवत होतेच.

तर नणंदेच्या नातीच्या बारशाला आमच्या थोरल्या जाऊबाई तेलांची पेटी घेऊन आल्या. एका साखळी पद्धतीने विकणाऱ्या कंपनीचं काम त्या करतात. बाळ दोनदा शिंकलं, तर यांनी पेपरमिंटची बाटली उघडून बोटावर घेतलं आणि बाळाच्या छातीकडे हात नेला. मी बाळाला सरळ उचलून आत घेऊन गेले. बाहेर आल्यावर भर बायकांत म्हणाल्या, “अगं, नैसर्गिक आहे हे. थेरप्युटिक ग्रेड! पाण्यात टाकून पितात लोक. तुझ्या मामाच्या त्या घासलेटासारखं नाही.”

मी त्यांच्याच पेटीतली पामारोजाची बाटली काढून लेबल वाचून दाखवलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सिम्बोपोगॉन मार्टिनी, मूळ देश भारत. म्हणजे आमचा रोशाच.

‘थेरप्युटिक ग्रेड’ असा दर्जा कोणतंही सरकार किंवा मानक संस्था देत नाही. तो विकणाऱ्यांनीच ठरवलेला शब्द आहे. भारतीय मानक ब्यूरोची आणि आयएसओची मानकं आहेत, ती घनता, अपवर्तनांक (तेलात शिरताना प्रकाश किती वाकतो ते), मुख्य घटकांचं प्रमाण असल्या मोजता येणाऱ्या गोष्टी बघतात. घासलेटाचं म्हणाल, तर भेसळ व्हायची, अजूनही होते, म्हणून तर मामा पाणी घातलेल्या स्पिरिटात रोशेलचे थेंब टाकून दाखवायचे. चांगलं तेल विरघळून स्पिरिट नितळ राहतं. टर्पेंटाइन किंवा घासलेट असेल तर लगेच दुधाळ होतं. जाऊबाईंच्या कंपनीने त्यांना असलं काही शिकवलेलं नाही, फक्त किती लोक जोडायचे ते शिकवलंय.

आणि समजा तेल शंभर टक्के शुद्ध आहे. मग तर जास्त जपायला हवं. दुखण्याच्या मलमांत असतं ते विंटरग्रीनचं तेल घ्या: त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं, अॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून जास्त गोळ्यांइतकं. लहान मूल त्याने दगावू शकतं. तिथे शुद्धता कामाला येत नाही. कण्हेरसुद्धा नैसर्गिकच आहे.

मोठ्या माणसांनी वापरायला माझी ना नाही. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा-सात थेंब म्हणजे साधारण एक टक्का, एवढं पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. लिंबाच्या किंवा बर्गमोट या लिंबाच्याच कुळातल्या फळाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. लवंगेचं तेल दुखऱ्या दाढेला कापसाने टेकवा, हिरडीवर ओतू नका. आणि कितीही भारी कंपनीचं असो, पाण्यात टाकून प्यायचं नाही. तेल पाण्यात विरघळतच नाही, थेंब तसाच्या तसा घशाला आणि जठराला चिकटतो.

हेही सांगायला हवं की रोशेलने गुडघेदुखी बरी होते असा माझा दावा नाही. आजीला चोळल्यावर बरं वाटायचं, त्यात चोळण्याचा वाटा किती आणि तेलाचा किती हे मी सांगू शकत नाही. घरात कोणाला दमा असेल, कोणी गरोदर असेल किंवा मांजर पाळलेलं असेल, तर डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र, लावण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मांजरांना टी ट्रीचं तेल फार बाधतं.

तुमची मागवलेली बाटली बाळाचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा. चुकून कोणा मुलाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.